खुर्चीतला व्यायाम आणि प्रीडायबेटिसमधली साखर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रोज चाला’ हा सल्ला बरोबरच असतो. पण गुडघा सुजलेला असेल, तोल जात असेल, पायाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल किंवा दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीतच जात असतील, तर त्या सल्ल्यापाशीच सगळं अडतं. चालता येत नाही म्हणून माणूस काहीच करत नाही, आणि साखरेच्या हिशेबात हे ‘काहीच नाही’ सगळ्यात महाग पडतं. बसल्या जागी बरंच करता येतं. काय, कधी आणि किती, याची उत्तरं पुढे आहेत.

रिपोर्टमध्ये साखर ‘बॉर्डरवर’ आहे. म्हणजे मला मधुमेह झाला का?

नाही, अजून नाही. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के, यांपैकी एक जरी आकडा या पट्ट्यात असला तरी त्याला प्रीडायबेटिस म्हणतात. हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे निकष. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची रेघ ११० वर ओढते. त्यामुळे १०४ हा आकडा एका डॉक्टरांकडे ‘प्रीडायबेटिस’ आणि दुसऱ्यांकडे ‘ठीक आहे’ ठरू शकतो. त्यावरून गोंधळून जाऊ नका. दोन्ही डॉक्टर तुम्हाला हालचाल वाढवायलाच सांगतील.

एक मात्र रिपोर्ट हातात असतानाच बघून ठेवा: तुमचा नेमका कोणता आकडा वाढलाय? उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा? खुर्चीतला व्यायाम या दोन्हींवर सारखं काम करत नाही. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

घामसुद्धा येत नाही अशा व्यायामाने साखर कमी कशी होणार?

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. इन्सुलिन काम करत असताना शरीरात जिरणाऱ्या साखरेचा बहुतांश भाग स्नायूंमध्येच जातो. साखर आपली आपण पेशीत शिरत नाही. ग्लुट-४ नावाचं एक वाहक प्रथिन पेशीच्या आत थांबलेलं असतं. ते पेशीच्या कडेला आलं की साखर आत घेतली जाते. त्याला कडेला बोलावण्याचे मार्ग दोन. पहिला इन्सुलिनचा. प्रीडायबेटिसमध्ये हाच मार्ग मंदावलेला असतो: स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं आणि वर्षानुवर्षं असं करून थकत जातं.

दुसरा मार्ग स्नायूच्या आकुंचनाचा. स्नायू आखडला की पेशीत कॅल्शियम सुटतं, इंधन कमी पडल्याचा इशारा मिळतो आणि ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न पाहता कडेला येतं. प्रीडायबेटिसमध्ये हा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. सगळ्या आशेचं मूळ इथे आहे. आणि स्नायू उभ्याने आखडला की बसून, याच्याशी त्या पेशीला काही देणंघेणं नसतं. किती स्नायू कामाला लागले, किती जोराने आणि किती वेळ, एवढंच महत्त्वाचं. घाम हे शरीर तापल्याचं लक्षण आहे, साखर वापरली गेल्याचं मोजमाप नव्हे.

नुसती टाच वर-खाली केल्याने साखर निम्म्यावर येते म्हणतात. खरं आहे का?

या दाव्यामागे खरं संशोधन आहे, पण ते ज्या थाटात सांगितलं जातं तसं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पोटरीत वरवर दिसणाऱ्या फुगीर स्नायूच्या खाली सोलियस नावाचा एक चपटा स्नायू असतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का. पण तो आहे चिवट. उभं राहताना, चालताना दिवसभर राबायचं काम त्याचं, म्हणून त्यात न थकणाऱ्या, संथ तंतूंचा भरणा जास्त. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठातले मार्क हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसलेल्या माणसांकडून हाच स्नायू तासन् तास हलवून घेतला. ग्लुकोजचं पेय प्यायल्यानंतरची साखरेची चढ सुमारे ५२ टक्क्यांनी आणि इन्सुलिनची सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. हा स्नायू स्वतःच्या साठ्यातलं ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) फारसं वापरत नाही, इंधन थेट रक्तातून उचलतो, असं त्यांना दिसलं.

आता दुसरी बाजू. स्वयंसेवक मोजकेच होते. हालचाल पाच-दहा मिनिटांची नव्हती, पेय प्यायल्यानंतर पुढचे तीन तास ती चालू होती. हालचाल बरोबर होतेय का, हे स्नायूवर लावलेल्या यंत्रातून बघितलं जात होतं. आणि ५२ टक्के कमी झाली ती जेवणानंतरची चढ, साखर नव्हे. समजा साखर १०० वरून १६० वर जाणार होती, तर ती साठची चढ तीसच्या आसपास येईल. साखर १६० ची ८० होणार नाही. ‘निम्म्यावर’ या शब्दाने लोकांची दिशाभूल होते ती इथेच.

तरीही मी ही हालचाल आवर्जून सुचवतो. तिला साधन लागत नाही, गुडघ्यावर भार येत नाही, वाचताना किंवा फोनवर बोलतानाही ती चालू ठेवता येते. एवढंच की दोन मिनिटं टाच हलवून प्रयोगशाळेतल्या आकड्याची अपेक्षा धरू नका.

ती टाच उचलायची तरी कशी?

पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात किंवा टाच थोडी मागे, खुर्चीच्या दिशेने. चवडा जमिनीवरच ठेवून टाच जाईल तितकी वर न्या आणि मग सोडून द्या, ती आपोआप खाली येऊ दे. गुडघा वाकलेला असणं गरजेचं आहे. पाय सरळ केला की वरचा मोठा स्नायू काम हातात घेतो आणि लवकर दमतो. मांडीने पाय उचलू नका. जोर पोटरीत लागतोय का हे सुरुवातीला हात लावून पाहा. अस्वस्थपणे पाय थरथरवणं म्हणजे हे नव्हे. त्यात टाच पूर्ण वर जातच नाही.

माझे पाय हलतच नाहीत. मग?

हात आहेत. ब्रिटनमधल्या लेस्टर इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच तपासलं. वजन जास्त असलेल्या आणि मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांना दिवसभर बसवून ठेवलं आणि दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं हातांनी फिरवायचं पॅडल चालवायला दिलं. जेवणानंतरच्या साखरेची चढ नुसतं बसून राहिलेल्या दिवसापेक्षा निम्म्याहून जास्त घटली. यंत्र नसलं तरी हवेत पॅडल मारल्यासारखे हात फिरवणं, पुढे ठोसे मारणं, रबरी पट्टा छातीकडे ओढणं हे सगळं चालतं. हातांचे स्नायू लहान, त्यामुळे ते लवकर भरून येतात. म्हणून एक मिनिट काम, अर्धा मिनिट विसावा असं करा. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी खांदे जपावेत, कारण त्यांच्या खांद्यांना दिवसभर आधीच काम असतं. ओढण्याच्या हालचाली ढकलण्याच्या हालचालींपेक्षा जास्त ठेवा.

जेवणाआधी करावा की नंतर?

नंतर. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

जेवायला सुरुवात केल्यापासून साधारण एक ते दीड तासात साखर शिखरावर पोचते. ती चढत असतानाच स्नायू कामाला लागले तर शिखर उंच होत नाही. म्हणून शेवटच्या घासानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं हालचाल करा. २०१३ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या, धोक्याच्या पट्ट्यातल्या माणसांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यात दिवसातून एकदाच ४५ मिनिटं चालण्याची तुलना तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालण्याशी केली. २४ तासांची साखर दोन्हींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची चढ जेवणानंतर चालणाऱ्यांमध्येच ठळकपणे कमी झाली. प्रयोग चालण्याचा होता, पण वेळेचं तत्त्व बसून करतानाही तेच.

रात्रीचं जेवण विशेष महत्त्वाचं. अनेकांचं ते दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण असतं, संध्याकाळी शरीर साखर सकाळइतकी चांगली हाताळत नाही आणि जेवण झालं की माणूस बसतो किंवा आडवा होतो. तुम्हाला दिवसात एकदाच जमणार असेल तर रात्रीच्या जेवणानंतर करा.

भरल्या पोटी जोरात मात्र नाही. पोट पुढे दाबलं जाईल अशा वाकण्याच्या हालचाली तेव्हा टाळा, छातीत जळजळ होते.

सलग अर्धा तास बरा की थोडा थोडा?

साखरेपुरतं बोलायचं तर थोडा थोडा, पण वारंवार. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या, ४५ ते ६५ वयाच्या १९ जणांनी दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटं चालायचं होतं. सलग बसण्याच्या तुलनेत जेवणानंतरची साखर हळू चालण्याने सुमारे २४ टक्के आणि जरा भरभर चालण्याने सुमारे ३० टक्के कमी भरली. दोन मिनिटं! पुढे २०१६ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्यांवरही तसंच करून पाहिलं. दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं एका दिवशी चालणं आणि दुसऱ्या दिवशी जागच्या जागी साधे व्यायाम: अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, गुडघे उचलणं, नितंब आवळणं. जागच्या जागी केलेल्या व्यायामांचा फायदा चालण्याइतकाच निघाला. यातल्या अर्ध्या बैठका सोडल्या तर बाकी सगळं खुर्चीत बसून करता येण्यासारखं आहे.

बसून राहण्याचं वेगळं नुकसान असतं हे तसं जुनंच निरीक्षण. लंडनच्या बसमध्ये दिवसभर बसणारे चालक आणि जिने चढउतार करणारे कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि हृदयविकार चालकांमध्ये जास्त आढळला. गाडी तीच, रस्ता तोच, फरक बसण्याचा.

मग नियम असा करा: तास भरायच्या आत, शक्यतो अर्ध्या तासाने, तीन मिनिटं काहीतरी हलवायचं. फोनवर गजर लावा. आठवण राहील यावर विसंबू नका.

तीन मिनिटांत करायचं काय?

क्रम असा ठेवून बघा. आधी जागच्या जागी पावलं मारा, म्हणजे एकेक गुडघा आळीपाळीने वर, पाठ खुर्चीला न टेकता. मिनिटभराने एक पाय पुढे सरळ करा, मांडी घट्ट आवळून दोन-तीन आकडे धरा, सोडा, मग दुसरा पाय. शेवटचं मिनिट टाचांचं. पाय करत असताना हात रिकामे ठेवायचे नाहीत: ठोसे, वर नेणं, मागे ओढणं. पाय आणि हात एकत्र चालले की स्नायूंचा एकूण आकडा वाढतो आणि श्वासही जरा वाढतो.

मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. नुसती मनगटं फिरवणं, बोटं उघडझाप करणं सांध्यांना बरं आहे, पण त्याने साखरेला फारसा फरक पडत नाही. वेळ कमी असेल तेव्हा मोठ्या स्नायूंना आधी कामाला लावा.

जोर किती असावा?

बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हलक्या हालचालीनेही फायदा आहे, पण जोर जपून वाढवत न्यायला हवा. जी हालचाल पहिल्या आठवड्यात दमवत होती ती चौथ्या आठवड्यात सहज होऊ लागली, तर वेग वाढवा किंवा हातात वजन घ्या. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलोचं वजन.

ताकदीचा व्यायाम बसून होतो का?

होतो, आणि मला विचाराल तर वाढत्या वयात तो टाच हलवण्याइतकाच गरजेचा आहे. वय वाढतं तसे स्नायू झडतात, म्हणजे साखर साठवायची कोठारंच लहान होतात. वजनकाट्यावर हे दिसत नाही. वजन तेवढंच राहतं, स्नायूंची जागा चरबी घेते. आठवड्यातून किमान दोन दिवस रबरी पट्ट्याने किंवा वजनांनी दंड, पाठ, छाती आणि मांड्यांना अशी मेहनत द्या की दहा-पंधरा वेळांनंतर आणखी दोन-तीनच जमतील असं वाटावं. जोर लावताना श्वास सोडा, जोर सैल करताना श्वास घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झटक्यात चढतो.

ज्यांना उठता येतं त्यांच्यासाठी खुर्चीतून उठणं आणि परत हळूहळू बसणं याच्या तोडीचं दुसरं काही नाही. स्वतःला जोखायचंही ते चांगलं साधन आहे: हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी भरले, तर ते सरासरीखाली धरतात. ७० ते ७४ वयात हेच आकडे १२ आणि १० आहेत. आकडा कमी आला तर घाबरायचं नाही, लिहून ठेवायचा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचा.

मग चालणं सोडलं तर चालेल ना?

चालता येत असेल तर नाही. मधुमेह टाळता येतो हे ज्या अभ्यासाने ठामपणे दाखवलं, तो अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ३,२३४ माणसं, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल आणि सात टक्के वजन कमी करण्याचं उद्दिष्ट. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. साठीपुढच्यांमध्ये तर राहणी बदलल्याचा फायदा ७१ टक्क्यांपर्यंत गेला. खुर्चीतल्या व्यायामाकडे इतका मोठा, वर्षानुवर्षांचा पुरावा नाही. त्याच्याकडे आहेत ते बहुतेक एका दिवसाचे, थोड्या माणसांवरचे प्रयोग.

म्हणून चालू शकणाऱ्यांनी चालावं, आणि बाकीचे जे तास बसण्यात जाणारच आहेत त्यांत खुर्चीतला व्यायाम पेरावा. चालू न शकणाऱ्यांनी तो मुख्य व्यायाम म्हणून करावा आणि कमीपणा मानू नये. खाण्याकडे मात्र दोघांनीही लक्ष द्यायचं आहे.

व्यायाम करताना साखर एकदम उतरली तर?

प्रीडायबेटिसमध्ये, औषध नसेल किंवा फक्त मेटफॉर्मिन असेल, तर अशी शक्यता फारच कमी. साखर खाली जायला लागली की शरीर इन्सुलिन आवरतं आणि यकृत साखर सोडतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

जोरात व्यायाम केला आणि साखर उलट वाढलेली दिसली!

होतं असं. जोराच्या व्यायामात अॅड्रेनालिन वाढतं आणि यकृत स्नायूंसाठी साखर बाहेर काढतं. ती तासाभरात उतरते. एका मापावरून व्यायामाला दोष देऊ नका.

जेवणानंतरची साखर सुधारली, उपाशीपोटीची जागची हलत नाही. का?

कारण ती वेगळ्या ठिकाणाहून येते. रात्रभर आपण खात नाही तेव्हा यकृत रक्तात साखर सोडत राहतं, आणि पहाटे कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स त्यात भर घालतात. प्रीडायबेटिसमध्ये यकृत इन्सुलिनचं ‘थांब’ ऐकत नाही, विशेषतः यकृतात चरबी साठलेली असेल तर. तीन-तीन मिनिटांच्या हालचालीने जेवणानंतरची चढ पटकन कमी होते, पण यकृताची सवय तेवढ्या पटकन जात नाही. त्यासाठी पोटाचा घेर कमी होणं, पुरेशी झोप आणि काही महिन्यांचं सातत्य लागतं. ज्यांचा फक्त उपाशीपोटीचा आकडा वाढलाय त्यांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं, नाहीतर महिन्याभरात निराश होऊन व्यायाम सुटतो.

फरक कधी दिसेल?

ग्लुकोमीटर असेल तर त्याच दिवशी. एकसारखं जेवण दोन दिवस घ्या, एके दिवशी नंतर नुसतं बसा, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं हालचाल करा, आणि दोन्ही दिवशी जेवण सुरू केल्यापासून एका तासाने मोजा. स्वतःच्या शरीराचा पुरावा दहा लेखांपेक्षा जास्त पटतो. मीटरमध्ये थोडी चूक असतेच, म्हणून दोन-तीनदा करून पाहा.

एचबीए१सीसाठी तीन महिने थांबा, कारण तो दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आणि थोड्या काळासाठी नॉर्मल झालेली साखरही वाया जात नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात ज्यांची साखर एकदा जरी नॉर्मलला परतली, त्यांना पुढच्या वर्षांत मधुमेह होण्याचा धोका ५६ टक्क्यांनी कमी आढळला.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये?

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अलीकडचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, आणि पायातली संवेदना कमी झालेली असेल तर. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते, तर ती हलवत बसू नका. रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक दम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा आणि मदत मागा.

खुर्ची कशी हवी?

चाकं नसलेली, न हलणारी, पावलं पूर्ण टेकतील इतक्या उंचीची. भिंतीला लावून ठेवा. सोफा नको, त्यात माणूस रुततो.

परवा राहिला, कालही राहिला. आज दुप्पट करू का?

नको. एका व्यायामाने स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता वाढते ती साधारण एक ते दोन दिवस टिकते, मग ओसरते. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असं सांगतात. दुप्पट केल्याने गेलेले दिवस भरून निघत नाहीत, फक्त उद्या अंग दुखतं आणि तिसरा दिवसही जातो. आजच्या पुढच्या जेवणानंतर वीस मिनिटांनी, नेहमीच्या खुर्चीत, नेहमीची दहा मिनिटं करा.